दवबिंदूंचं पाणी

१

सकाळी उठलं की लोक चहा टाकतात, पेपर बघतात, उशाशी फोन चाचपतात. धाकटी आधी बाल्कनीत जायची. तिथं एसीच्या पाइपाखाली पांढुरका प्लास्टिकचा कॅन ठेवलेला असे. तो उचलून उजेडाकडे धरायचा, पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि मगच तोंड धुवायला जायचं, असा तिचा नेम होता. घरात नवरा-पोरं असती तर हे लाड कुणी चालू दिले नसते. पण धाकटीचं लग्न राहूनच गेलं होतं, थोरल्या बहिणीचंही. दोघी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एकमेकींच्या सवयींना धक्का न लावता राहत होत्या.

कॅनमधलं पाणी दवबिंदूंसाठी होतं. गवतावरचे नव्हेत. दवबिंदू नावाचं एक रोप असतं, वीतभर उंचीचं. त्याच्या पानांवर लाल केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. केळ्यावरचं चिलट पाणी समजून त्यावर बसतं आणि बसतं ते बसतंच. मग पान सावकाश, सरकारी कामाच्या गतीनं, त्याच्याभोवती मिटत जातं. सकाळी बसलेलं चिलट संध्याकाळी दिसेनासं होतं. काही दिवसांनी पान उघडतं तेव्हा आत नुसतं टरफल उरलेलं असतं.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर बारीक बघायची सवय, म्हणून तिला हे बारीक प्रकरण आवडलं असावं. हॉलमधल्या मांडणीवर ट्यूबच्या उजेडात तिच्या कुंड्या पाण्याच्या ताटल्यांत ओळीनं बसलेल्या असत. या रोपाचे नखरे फार. खत घातलं की मरतं. नळाचं पाणी घातलं की मरतं, त्यातले क्षार त्याला सोसत नाहीत. पावसाचं चालतं, नाहीतर एसीचं. एसीचं पाणी म्हणजे काय, तर खोलीतल्या हवेतलीच वाफ, गार होऊन ठिबकलेली. तिच्यात क्षारबिर काही नसतात.

आणि एसी त्यांच्याकडे सतत चालू असे, कारण ताईची फुप्फुसं निकामी होत चालली होती. जरा उकडलं की तिचा जीव घुसमटायचा. आतल्या खोलीत ती पलंगावर उशांना टेकून बसलेली असायची, दार बंद, खिडकी बंद.

"माझ्या घामाचं पाणी पाजतेस काय गं त्यांना?" ताई विचारायची.

"घामाचं कशाला? श्वासाचं."

"मग घाल बाई. मला मेलीला त्याचा उपयोग होत नाहीये, त्यांना तरी होऊ दे."

दोघी हसायच्या. ताईचं हसणं मध्येच अडायचं. मग ती ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा, लांबलचक श्वास सोडायची. तसा सोडायला तिला दवाखान्यात शिकवलं होतं. शेवटी शेवटी ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघेनाशी झाली होती. छातीकडे बघायची, वर-खाली होताना. धाकटीला ते आवडायचं नाही, पण आजारी माणसाला काय बोलणार?

कॅनचा हिशेब धाकटीला पाठ होता. ताई खोलीत असली की सकाळी कॅन अर्धा भरलेला. मध्ये ताई दवाखान्यात होती, तेव्हा धाकटीनं झाडांपायी रिकाम्या खोलीतही एसी चालू ठेवून बघितला होता. नुसता तळ ओला झाला. माणूस नसलं की खोली पाणी देत नाही, एवढं तिला तेव्हाच कळलं.

२

ताई गेली तेव्हा धाकटीला पहिला विचार आला तो पाण्याचा.

खोटं कशाला सांगा? डॉक्टरांनी मान हलवली, दादा भिंतीला धरून रडायला लागला, आणि धाकटीच्या मनात आलं, आता पाणी कुठून आणायचं? दादा हा दोघींच्या मधला, दुसऱ्या गावात राहणारा. सगळं आटोपून निघताना त्यानं तिला जवळ घेतलं.

"रड गं धाकटे," तो म्हणाला. "अशी गप्प गप्प राहू नकोस."

तिनं प्रयत्न केला. डोळे मिटून ताईची आठवण काढली. आठवण आली, रडू आलं नाही. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसं तिचं सगळंच झालं होतं. बोट लावलं तर लावल्याचं कळत होतं, दुखत मात्र नव्हतं.

ती दुकानात जायला लागली. घासायच्या चाकावर काच धरायची, कड गुळगुळीत करायची, फ्रेममध्ये बसवायची, पुढची घ्यायची. गिऱ्हाईक चष्मा लावून आरशात बघून हसलं की तीही हसायची. मालक म्हणाले, "बाई, हवी तर रजा घ्या." ती म्हणाली, "रजा घेऊन करू काय?"

झाडांना मात्र रजा सोसली नाही. तिनं गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते बाटलीतलं पाणी आणलं. ते शुद्ध असतं, चालायला हवं होतं. पण पानांवरचे थेंब एकेक करून सुकत गेले. लाल केस नुसते उभे राहिले. बिनथेंबाचं दवबिंदू हे फार बापुडवाणं दिसतं. तिनं रोज सकाळी ते बघितलं आणि एका संध्याकाळी, दुकानातून आल्यावर, आतली खोली उघडली.

पलंग तिथंच होता. उशा तिनं धुऊन रचून ठेवल्या होत्या. खिडकी लावलेली होती. तिनं एसी चालू केला, दार ओढून घेतलं आणि बाल्कनीत कॅन ठेवला. तळ ओला झाला तरी झाला, असा विचार होता. थेंब थेंब करून आठवड्याचं भागलं असतं.

सकाळी कॅन अर्धा भरला होता.

३

एसीवाला गडी बोलका होता. त्यानं स्टुलावर चढून जाळी काढली, झटकली, पाइपात फुंकर मारली.

"मशीन एक नंबर आहे, मावशी. काही झालेलं नाही."

"मग एवढं पाणी कुठून येतं? खोलीत कुणी नसतं."

"अहो, हवा काय दार वाजवून येते होय? दाराखालून येते, खिडकीतून येते, भिंतीतून ओल येते. पलीकडं कुणाचं न्हाणीघर असेल."

पलीकडं न्हाणीघर नव्हतं, जिना होता. पण धाकटीला त्याचं बोलणं पटलं, किंवा तिनं ते पटवून घेतलं. तिच्या सांगण्यावरून त्यानं दाराला आणि खिडकीला फोमच्या पट्ट्या लावल्या. वरून चिकटपट्टी मारली.

"आता मुंगीलासुद्धा हवा मिळायची नाही आत," तो म्हणाला. "पण कुणी झोपत नाही, तर एसी लावताच कशाला?"

"झाडांसाठी."

त्यानं खोलीभर नजर फिरवली. खोलीत एकही झाड नव्हतं. त्यानं आपली हत्यारं गोळा केली. पैसे घेऊन हॉलमध्ये आल्यावर मात्र त्याचा आवाज एकदम मोठा झाला, आणि तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की आत असताना तो सगळा वेळ हळू बोलत होता.

"आत एवढं दबकून का बोलत होतात?" तिनं विचारलं.

त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "खरंच की. काय माहीत. कुणी झोपलेलं असलं की बोलतो तसं निघालं तोंडातून." तो हसला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन अर्धा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

४

त्या पाण्यानं झाडं तरारली. आठवड्याभरात पानं थेंबांनी लगडली, इतकी की ट्यूबच्या उजेडात मांडणीकडे बघवेना. धाकटीनं नेहमीप्रमाणे चिमट्यानं एकेका पानावर एकेक चिलट ठेवलं.

पानं मिटली नाहीत. चिलट चिकटून मेलं, वाळलं, तरी पान आपलं उघडंच. खायला घातलेलं नाकारणारं दवबिंदू तिनं कधी पाहिलं नव्हतं. आणि मग तिला दिसलं की काही पानं मिटलेली आहेत, पण ती चिलट न ठेवलेली. तिनं दुकानातून आणलेलं भिंग डोळ्याला लावलं. पान व्यवस्थित गुंडाळलेलं होतं, केस एकमेकांत घट्ट गुंतलेले, भक्ष्य धरल्यावर असतात तसे. चिमट्याच्या टोकानं तिनं एक पान उकललं. आत काही नव्हतं. दुसरं उकललं. तेही रिकामंच.

एका कुंडीला तिनं पुन्हा बाटलीतलं पाणी घालून बघितलं. तिथली पानं उघडली आणि उघडीच राहिली. म्हणजे जे काय खात होती, ते पाण्यातून खात होती. पण श्वासाच्या पाण्यात खाण्यासारखं काय असणार? धाकटीनं फार विचार केला नाही. त्या दिवसांत तिला कशाचाच फार विचार करता येत नव्हता. झाडं चांगली होती ना, मग झालं. ती कॅन उचलत राहिली, ताटल्या भरत राहिली.

५

दादाचा फोन आला तेव्हा ती ताटल्या पुसत होती.

"भिंगरीचं लग्न मोडलं," तो म्हणाला. "तारीख काढून झाली आणि पोरानं माघार घेतली. पोरगी जेवत नाही, झोपत नाही, आमच्याशी बोलत नाही. थोडे दिवस तुझ्याकडे राहू दे का?"

भिंगरी ही दादाची एकुलती एक. एका जागी बसायची नाही म्हणून तिला ते नाव ताईनं ठेवलं होतं.

"पाठव की," धाकटी म्हणाली.

"माझा जीव आहे गं त्या पोरीत. मला बाकी काही नको. माझी पोरगी होती तशी मला परत दे, बस."

"देईन," धाकटी म्हणाली.

भिंगरी आली ती डोळे सुजवून, पण तोंड चालू. मांडणीपुढं उकिडवी बसली. "आत्या, ही खरंच खातात?"

"चिलटं खातात."

"नवरा मुलगा खातात का? आणून देते एक."

"त्याला कुंडी मोठी लागेल."

भिंगरी खळखळून हसली आणि हसता हसता रडायला लागली. धाकटीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवल्यावर तिच्या आत काहीतरी किंचित हललं. फार दिवसांनी हललं, म्हणून तिनं तो हात लवकर काढला नाही.

झोपायचं तिनं हॉलमध्ये योजलं होतं, स्वतःच्या पलंगाशेजारी. भिंगरीनं ते उडवून लावलं. "एसीची खोली रिकामी असताना मी इथं ट्यूबच्या उजेडात झोपू? आणि ती ताईआत्याची खोली आहे. मला तिथंच बरं वाटेल." धाकटीच्या तोंडाशी नाही आलं होतं. पण कारण काय सांगणार? खोलीत कुणी नसताना पाणी येतं, हे? दुःखात असलेल्या पोरीला असलं काही सांगायचं नसतं. तिनं चादर बदलून दिली.

सकाळी कॅन भरून वाहत होता. बाल्कनीत पाण्याचा ओघळ जाळीपर्यंत गेला होता. अर्धा आणि अर्धा, धाकटीच्या मनानं परस्पर बेरीज केली. कॅन उचलताना तिचे हात गार पडले होते, पण तो गारठा पाण्याचाच, असं तिनं स्वतःला समजावलं.

६

पाणी उदंड झालं, तशी तिनं नवी रोपं करायला घेतली. दवबिंदूचं पान कापून त्या पाण्यात ठेवलं की काही दिवसांनी पानाच्याच अंगातून इवलं रोप फुटतं. पसरट वाडग्यांत तिनं पानं तरंगत ठेवली. भिंगरी शेजारी बसून बघायची.

"आणि मूळ पानाचं काय होतं?"

"ते काळं पडतं. काळं पडलं की समजायचं, नव्यानं धरलं."

"अरेरे."

"अरेरे काय त्यात? पान आहे ते."

पहिले काही दिवस पोरगी रात्रीची रडायची. भिंतीतून ऐकू यायचं. मग एका सकाळी ती टोस्ट खाता खाता म्हणाली, "आत्या, खोली फार छान आहे तुझी. आत गेलं की काही वाटतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याचा विचार येतो, पण दुखत नाही. दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं वाटतं." तिनं टोस्ट खाली ठेवला. अर्धाच खाल्ला होता. "किती बरं वाटतंय म्हणून सांगू!"

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. आपण त्या खोलीत किती वर्षं ताईपाशी बसलो, हे तिला आठवलं. आपल्यालाही काही वाटत नाही, हे आठवलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल, असं तिच्या मनात या आधी आलं नव्हतं.

भिंगरी हळूहळू खोलीबाहेर कमी यायला लागली. दुपारीही झोपायची. गप्पा आटल्या. मांडणीवरची बहुतेक पानं मिटलेली होती, आत काही नसताना, आणि कॅन रोज जरा जरा कमी भरत होता. काठाच्या खाली आला. मग आणखी खाली.

एका संध्याकाळी दोघी कोपऱ्यावरून फळं घेऊन येत होत्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर भिंगरी थांबली. कठड्याला धरलं. धाकटी पिशवी घेऊन दोन पायऱ्या पुढं गेली होती, तिनं मागं वळून बघितलं.

तरणीताठी पोरगी. तिनं ओठांचा चंबू केला होता आणि ती सावकाश, लांबलचक श्वास सोडत होती.

"हे कुणी शिकवलं तुला?" धाकटीनं विचारलं.

"काय?"

"हे. असा श्वास सोडायला."

"कुणी नाही," भिंगरी म्हणाली. "असा सोडला की बरं पडतं."

७

घरात शिरल्या शिरल्या धाकटीनं एसी बंद केला. खिडकीच्या पट्ट्या नखांनी ओरबाडून काढल्या आणि काच सताड उघडली. बाहेरचा रस्त्याचा आवाज आत आला, उकाडा आला.

"आजपासून तू हॉलमध्ये झोपायचं," ती म्हणाली. "माझ्याजवळ. आणि उद्या दादाला बोलावून घेते."

"बरं," भिंगरी म्हणाली आणि शहाण्यासारखी हॉलमध्ये जाऊन बसली.

धाकटीनं फळं धुवायला घेतली. सफरचंद हातात होतं तेव्हा मागून आवाज आला. रिकाम्या बाटलीत तळाचं पाणी ओढल्यासारखा. तिनं तो आवाज याआधी खूप वेळा ऐकला होता आणि पुन्हा कधी ऐकावा लागणार नाही अशी तिची समजूत होती.

भिंगरी पलंगाच्या कडेला ओणवी होऊन बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, मानेच्या शिरा ताठ. ओठ निळे पडायला लागले होते. तोंड उघडं होतं आणि आत काही जात नव्हतं. तिचे डोळे धाकटीकडे लागले होते, आणि त्या डोळ्यांत भिंगरीच होती, नुसती भिंगरी, भेदरलेली.

"आत्या," ती कशीबशी म्हणाली. "नको. एसी नको लावू."

एक क्षण धाकटी तशीच उभी राहिली. दवाखान्यात न्यायचं तर गाडी मागवायला हवी, जिना उतरवायला हवा, तोवर काय होईल, हे ताईच्या वेळी तिनं पाहिलं होतं. आणि एसी दहा पावलांवर होता. पोरीचं डोकं छातीवर कलंडलं, तशी ती धावली. काखेत हात घालून तिला आतल्या खोलीत ओढत नेलं, खिडकी लावली, एसी चालू केला. गार झोत सुरू झाला. भिंगरीनं एक मोठा श्वास घेतला. मग दुसरा.

धाकटी जमिनीवर बसून राहिली. पोरगी जगली होती. तिनं डोळे उघडले तेव्हा ती हसत होती, आणि छताकडे बघून एकामागून एक श्वास घेत होती. "नको" कशाला म्हणालीस, हे धाकटीनं तिला विचारलं नाही.

८

सकाळी कॅन अर्धा होता.

धाकटी तो हातात धरून बाल्कनीत उभी राहिली. आत रात्रभर भिंगरी होती. एकटी असती तर अर्धा बरोबर होता. पण एकटी कधीच नव्हती. दोघींपैकी एकीचा श्वास त्या रात्री कॅनपर्यंत पोचलाच नव्हता.

"सरक गं जरा."

भिंगरी मागं येऊन उभी होती. केस विंचरलेले, तोंड धुतलेलं. ती कठड्याला टेकली, मान वर केली, दोन्ही नाकपुड्या रुंदावल्या आणि छाती भरून भरून हवा ओढली. कितीतरी वेळ ओढत होती. सोडली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"किती हवा आहे गं बाहेर!" ती म्हणाली. "केवढी हवा!"

धाकटीला आनंद झाला. बधिरपणा फोडून वर आलेला आनंद. तो कशाचा, हे तिला कळत होतं. कळूनही तो कमी झाला नाही. तिनं कॅन खाली ठेवला आणि दोघींसाठी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी दादा आला तेव्हा भिंगरी बॅग भरून तयार होती. नाश्ता दोनदा घेऊन झाला होता. दादा तिच्याकडे बघून चक्रावलाच. "अगं, ही तर पार बदलून गेली! काय घातलंस हिला?" त्यानं धाकटीचे दोन्ही हात धरले. "तू शब्द पाळलास बघ."

जिना भिंगरी धावत उतरली. खाली दादा गाडीत सामान ठेवत असताना ती धाकटीच्या गळ्यात पडली. घट्ट धरलं आणि कानाशी म्हणाली, "किती वर्षं केलंस गं माझं."

"वर्षं कसली?" दादा डिकी लावता लावता हसला. "महिना झाला नाही अजून."

हीच वेळ होती. धाकटीला ते पुरतं ठाऊक होतं. थांब दादा, हिला नेऊ नकोस, तुझी पोरगी वर आहे, एवढंच म्हणायचं होतं. तो वेड्यात काढेल, काढू दे. पण मिठीतली छाती तिच्या छातीला लागून वर-खाली होत होती, न अडता, न घरघरता. इतक्या वर्षांत हिनं एक जिना नीट चढला नव्हता. धाकटीनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "पोचल्यावर फोन करा."

९

वर येऊन तिनं ठरवलं की आता एसी बंद करायचा. खोलीत कुणी नाही, बंद करायला हरकत कसली? तिनं दार उघडलं.

पलंगावरची चादर नीट घातलेली होती. पडदा बाजूला सारलेला. खिडकीच्या काचेवर एक धुरकट ठिपका होता, तळहाताएवढा. ती बघत असतानाच तो विरला आणि पुन्हा उमटला. विरला, उमटला. थंड खोलीची काच आतून धुरकटत नाही, धुरकटलीच तर बाहेरून, हे काचेत जन्म घालवलेल्या धाकटीला कुणी सांगायला नको होतं. ठिपका उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर होता. तिथून खालचा रस्ता दिसतो. दादाची गाडी अजून कोपऱ्यावर वळायची होती. गाडी वळली तसे ठिपके भराभर यायला लागले, एकात एक मिसळून सगळी काच पांढरी झाली, आणि काचेला काहीतरी टेकल्यासारखी ती किंचित थरथरली.

रिमोट धाकटीच्या हातात होता. एसी बंद केला की काय होतं, हे तिनं परवाच पाहिलं होतं. तिनं रिमोट पलंगावर ठेवला आणि दार ओढून घेतलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "पोचलो गं. पोरगी जिन्यावर आईला उचलायला निघाली होती, काय सांगू तुला." मागून हसण्याचा आवाज येत होता, मोठा, एका दमात हसलेला. मग दादाचा आवाज बदलला.

"धाकटे, रडतेस होय?"

तिनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"रड गं, रड. ताई गेली तेव्हा तुझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, मला घोर लागून राहिला होता. मोकळी हो एकदाची."

धाकटीनं गालाला हात लावून बघितला. गाल कोरडा होता. फोन कानाशी तसाच धरून ती वळली. रडणं बंद दारामागून येत होतं, फोनवरून दुसऱ्या गावाला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं. पोरगी हमसून हमसून रडत होती.

"हो रे दादा," धाकटी म्हणाली. "आता बरं वाटतंय."

फोन ठेवून ती दारापाशी गेली आणि चौकटीला टेकून खाली बसली. आत जाऊन पोरीला जवळ घ्यावं, असं तिला फार वाटलं. पण जवळ घ्यायला आत काही नव्हतं. तिनं दारावर हात ठेवला. दार गार होतं.

"उगी," ती आतल्या मुलीला म्हणाली. "थोडे दिवस जातील, बाळा. मग काही वाटत नाही."